ड्रॅगन क्वेस्ट : दहा नाणी कमी का पडतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘मी गेम डिझाइनच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला छोटा रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा गेम, बनवायचा आहे. सर म्हणाले, आधी ड्रॅगन क्वेस्ट खेळून या. पहिला भाग दोन तास खेळलो. गावाबाहेर जायचं, स्लाइम नावाचे दुबळे राक्षस मारायचे, परत येऊन झोपायचं, एवढंच चाललंय. लोक चाळीस वर्षं हे का खेळतात? यात शिकायचं काय, आणि पुढे कुठला भाग घेऊ? आमच्या गेममध्ये हिरो मेला की सगळं पहिल्यापासून सुरू होतं. खेळून बघायला बोलावलेले मित्र दोनदा मरतात आणि उठून जातात. तेही कसं सोडवायचं?’

तुमच्या सरांनी योग्य गेम सांगितला, फक्त त्यात बघायचं कुठे ते सांगायचं राहिलं. मी अठरा वर्षं गेम बनवतोय आणि त्यातला निम्मा वेळ आकडे बसवण्यात गेला आहे. कुठला शत्रू किती मारणार, कुठल्या वस्तूला काय किंमत, कितव्या मिनिटाला खेळणाऱ्याच्या हातात काय पडायला हवं. आम्ही याला बॅलन्सिंग म्हणतो. हे काम मी ज्या जपानी मालिकेकडून शिकलो ती हीच. तुमचे दोन्ही प्रश्न एकाच जागी येऊन मिळतात, म्हणून उत्तर एकत्रच देतो. जरा लांबेल.

आधी दुकानात जाऊ. १९८६ च्या मूळ गेममध्ये राजा तुमच्यासाठी पेटीत १२० नाणी ठेवतो. किल्ल्याशेजारच्या गावात शस्त्रांचं दुकान आहे. बांबूची काठी १० ला, सोटा ६० ला, तांब्याची तलवार १८० ला. अंगात घालायला साधे कपडे २० ला आणि चामड्याचं चिलखत ७० ला. आता हिशोब करा. तलवारीचा प्रश्नच नाही. सोटा आणि चिलखत ही सगळ्यात शहाणी खरेदी, पण ती होते १३० ची. तुमच्या खिशात १२० आहेत.

ही दहा नाणी चुकून कमी पडली असतील असं मला वाटत नाही. १३० दिली असती तर प्रत्येकाने तीच खरेदी केली असती आणि विचार न करता गावाबाहेर पडला असता. १२० असल्यामुळे माणूस काउंटरपाशी थबकतो. सोटा आणि साधे कपडे घेतले की ८० होतात. मग २४ ची एक औषधी वनस्पती, आणि उरलेल्या १६ त ८ ची एक अशा दोन मशाली. बरोबर १२०. दुसरा कुणी म्हणेल, मला अंगावर चिलखत हवं, हातात काठी असली तरी चालेल. अजून एक शब्दाचीही गोष्ट घडलेली नाही, पण तुम्ही धाडसी आहात की जपून चालणारे, ते तुमचं तुम्हाला कळलेलं असतं. आणि ती तलवार तिथेच फळीवर आहे. पुढचा अर्धा तास तुम्ही कशासाठी लढणार आहात, हे गेमने तुम्हाला न सांगताच ठरलेलं आहे.

मग तुम्ही बाहेर पडता आणि स्लाइम भेटतो. त्याला मारलं की अनुभवाचा एक गुण मिळतो. दुसऱ्या लेव्हलला सात गुण लागतात. सात स्लाइम, की वाजतगाजत लेव्हल वाढते, अंगात जोर येतो. तिसरी लेव्हल एकूण २३ गुणांवर. तुम्ही ‘एवढंच चाललंय’ म्हणालात ते हेच. पण पुढच्या वेळी खेळताना घड्याळ लावून बसा. पहिलं बक्षीस किती मिनिटांत आलं, दुसरं कितव्या मिनिटाला, त्या दोन्हींमध्ये तुम्ही किती वेळा मरता मरता वाचलात, ते वहीत टिपा. मी माझ्या पहिल्या नोकरीत असताना एका रविवारी हे केलं होतं. ती वही अजून माझ्याकडे आहे.

हा गेम कुणी आणि का असा बनवला, ते माहीत असलं की पुढचं सोपं जातं. युजी होरी हे मूळचे लेखक, तरुणांच्या मासिकांत लिहिणारे. १९८२ साली एनिक्स या कंपनीने प्रोग्रॅमिंगची स्पर्धा ठेवली. त्यात होरींचा टेनिसचा गेम निवडला गेला आणि कोइची नाकामुरा नावाच्या शाळकरी मुलाचाही एक गेम निवडला गेला. पुढच्या वर्षी दोघं अमेरिकेला एका कॉम्प्युटर प्रदर्शनाला गेले आणि तिथे त्यांनी विझर्ड्री पाहिला. विझर्ड्री आणि अल्टिमा हे त्या काळातले मोठे रोल-प्लेइंग गेम. ते चालायचे महागड्या कॉम्प्युटरवर, नकाशा स्वतः चौकटीच्या कागदावर काढायचा, आणि मॅन्युअल वाचल्याशिवाय एक पाऊल टाकता यायचं नाही. होरींना तोच आनंद फॅमिकॉमवर आणायचा होता. घरातल्या टीव्हीला जोडायचा, दोन बटणांचा, लहान मुलं मारिओ खेळायची तो फॅमिकॉम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात बाजारात त्याच्या नकला मिळायच्या आणि कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणायचो.

म्हणजे ज्याने असा गेम जन्मात पाहिलेला नाही, मॅन्युअल वाचणार नाही, आणि ज्याची बोटं चपळ असतीलच असं नाही, अशा माणसासाठी हा गेम होता. म्हणून सुरुवात राजाच्या दालनात होते आणि त्या दालनाचं दार बंद असतं. बाहेर पडायचं तर राजाशी बोलावं लागतं, पेटी उघडावी लागते, त्यातली किल्ली घ्यावी लागते, दार उघडावं लागतं, जिना उतरावा लागतो. त्या दालनातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला गेम खेळता येत असतो. गेल्या काही वर्षांत मी पाहिलेल्या बहुतेक ट्युटोरियलमध्ये खिडक्या उघडतात, बाण चमकतात, ‘इथे दाबा’ म्हणून सांगतात. या दालनात पहारेकऱ्यांना विचारलंत तर ते सांगतात, नाहीतर फक्त दार बंद आहे.

संपूर्ण गेम ६४ किलोबाइटमध्ये बसवला होता. सकाळी सकाळी व्हॉट्सअॅपवर येणारा शुभेच्छांचा फोटोसुद्धा बऱ्याचदा याहून मोठा असतो. जागेची इतकी टंचाई की काताकाना या जपानी लिपीतली सगळी अक्षरं ठेवणं परवडेना. होरींनी त्यातली वीसेक निवडली आणि राक्षसांची, जादूची नावं तेवढ्यातच बसवली. हिरोचं चित्रही फक्त समोरून काढलेलं होतं. तो खेकड्यासारखा आडवा चालायचा आणि कुणाशी बोलायचं तर ‘बोला’ निवडून वर उत्तर, दक्षिण अशी दिशा सांगावी लागायची. एवढ्या अडचणीत एक गोष्ट मात्र त्यांनी हातची सोडली नाही. किल्ल्यातून बाहेर पडलात की समोर, पाण्यापलीकडे, दुष्टाचा किल्ला दिसतो. शेवटचा मुक्काम पहिल्या मिनिटालाच डोळ्यांसमोर आहे. मध्ये थोडंसंच पाणी. ते ओलांडायला तुम्हाला सगळी भूमी पालथी घालावी लागते, आणि तिथे पोचायला लागणाऱ्या वस्तूंपैकी एक, सूर्याचा दगड, तुम्ही जिथून निघालात त्याच राजाच्या किल्ल्याच्या तळघरात ठेवलेला असतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अक्षरशः.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येतो, मरणाकडे.

या गेममध्ये हिरो मेला की काय होतं? पडदा काळा होतो आणि तुम्ही पुन्हा राजासमोर उभे असता. राजा रागावतो, मेलास म्हणजे काय, म्हणून फैलावर घेतो. तुमची निम्मी नाणी गेलेली असतात. पण अनुभवाचे गुण, लेव्हल, शिकलेली जादू, घेतलेली शस्त्रं, सगळं जसंच्या तसं. जो माणूस मेला त्यापेक्षा जो उठला तो कमजोर नाही. त्याच वाटेने गेलात तर गेल्या वेळेपेक्षा दोन पावलं पुढे जाल, कारण मरायच्या आधीच्या लढाया जमेला धरलेल्या आहेत.

माझ्या मते ही सगळी मालिका या एका वचनावर उभी आहे : तुम्ही घातलेले कष्ट वाया जाणार नाहीत. अॅक्शन गेममध्ये हात चालले नाहीत तर तुम्ही तिथेच अडकता. इथे हात चालत नसतील त्यालाही वाट आहे. अजून चार लढाया करा, अजून थोडे पैसे साठवा, पुन्हा या. आमच्या ऑफिसात शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी, पासष्टीच्या सासूबाईंसाठी मागून घेतला म्हणून, हा गेम माझ्याकडून नेला होता. सासूबाईंनी तो पूर्ण केला. त्यांना मी दुसरा कुठलाही गेम इतक्या विश्वासाने दिला नसता.

पण वचन देणं वेगळं आणि यंत्राने ते पाळणं वेगळं. पहिल्या भागात सेव्ह करायची सोय नव्हती. राजा तुम्हाला वीस अक्षरांचा मंत्र सांगायचा, तो कागदावर उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी टाकायचा. पाच, सात, पाच, तीन अशा गटांत तो मांडलेला असे, म्हणजे जपानी माणसाच्या कानाला ओळखीची लय. दुसऱ्या भागात हिरो तीन झाले, सामान वाढलं, आणि मंत्र ५२ अक्षरांपर्यंत गेला. जपानी लिपीत ‘बे’ आणि ‘पे’ यांत फरक एवढाच की एका अक्षराच्या डोक्यावर दोन बारीक रेघा आणि दुसऱ्याच्या डोक्यावर बारीकसं वर्तुळ. जुन्या टीव्हीच्या पुसट पडद्यावर तो फरक दिसायचाच असं नाही. आपल्याकडे अनुस्वार आणि माशीचा डाग यांत गफलत व्हावी तसं. एक खूण चुकली की आठवड्याची मेहनत गेली. तिसऱ्या भागात बॅटरीवर चालणारं सेव्ह आलं. ते कधीकधी पुसलं जायचं, आणि पुसलं गेल्याची बातमी गेम शापाच्या वेळी वाजणाऱ्या सुरावटीसोबत द्यायचा. त्या काळातल्या जपानी खेळाडूंना ती सुरावट आजही नुसती ऐकली तरी धस्स होतं. याच भागात नाणी ठेवायला पेढी आली. मोहिमेवर निघायच्या आधी पैसे ठेवून जायचे, म्हणजे मेलात तरी ते सुरक्षित. भागागणिक होरी आणि नाकामुरा गळक्या भांड्याची एकेक भोकं बुजवत होते.

त्यांच्याकडूनही चुका झाल्या आहेत. दुसरा भाग पहिल्यानंतर आठ महिन्यांत, जानेवारी १९८७ मध्ये आला, आणि ती घाई शेवटच्या बर्फाळ पठारावर जाणवते. तिथले शत्रू एका फटक्यात सगळी टोळी संपवतात. ती अडचण विचार करून ठेवल्यासारखी वाटत नाही. तो भाग शिकण्यासाठी जरूर बघा, पण त्यातला शेवट आपल्या गेममध्ये आणू नका. चौथ्या भागाच्या मूळ आवृत्तीत शेवटच्या प्रकरणात सोबत्यांना थेट हुकूम देता येत नाही. पुजारी सोबती ज्याच्यावर मृत्यूचा मंत्र चालतच नाही अशा शत्रूवर तोच मंत्र टाकत बसतो. नंतरच्या आवृत्त्यांत ते सुधारलं. सातव्यात पहिली लढाई यायलाच इतका वेळ लागतो की धीर सुटतो.

तिसरा भाग १० फेब्रुवारी १९८८ ला आला. बुधवार होता. दुकानांपुढे रांगा लागल्या, शाळा बुडवून रांगेत उभी राहिलेली मुलं पोलिसांनी पकडली. तेव्हापासून या मालिकेचे भाग सुट्टीच्या दिवशी आणायची पद्धत पडली. त्यासाठी जपानमध्ये कायदा केला गेला ही मात्र दंतकथा. या भागाचा नकाशा म्हणजे आपलीच पृथ्वी, थोडी वाकवलेली. रोमच्या जागी रोमाली, इजिप्तच्या जागी इसिस, जपानच्या जागी जिपांग. पोर्तोगा नावाच्या राज्याचा राजा तुम्हाला जहाज द्यायला तयार आहे, पण त्याला बदल्यात काळी मिरी हवी. मिरी मिळते पूर्वेकडच्या बाहारता नावाच्या गावात, पवित्र नदीच्या काठी. तिथे गुप्ता नावाचा तरुण आहे, त्याच्या प्रेयसीला डाकूंनी पळवून नेलंय. तिला सोडवून आणलंत की मिरी मिळते. गोव्यातल्या, कोकणातल्या वाचकाला पोर्तुगीज आणि मिरी यांची गोष्ट वेगळी सांगायला नको. १९८८ साली दूर जपानमध्ये बसलेल्या माणसांनी ती मोजक्या ओळींच्या संवादात, कुणाचाही अपमान न करता, लहान मुलांना कळेल अशी घातली, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

बाहारताच्या उत्तरेला एक मंदिर आहे, जपानीत ‘दामा’. उच्चार ऐकलात की आपला ‘धर्म’ शब्द ओळखू येतो. इथे माणूस आपला पेशा बदलू शकतो. विसाव्या लेव्हलला पोचलेला पुजारी इथे येऊन सैनिक होतो. त्याची लेव्हल पुन्हा एकवर येते आणि ताकद निम्मी होते. पण आधी शिकलेली जादू त्याच्याजवळ राहते. पहिल्या भागातला मरणाचा नियम आठवा. तेच गणित इथे पेशा बदलताना वापरलंय : थोडं काढून घ्यायचं, शिकलेलं ठेवायचं.

या मंदिरातली एक तरतूद मला सगळ्यात प्यारी आहे. तिसऱ्या भागात तुम्ही आपली टोळी मधुशाळेत जाऊन स्वतः निवडता. त्यात एक पेशा विदूषकाचा. हा लढाईत काही कामाचा नाही. तुम्ही हल्ला कर म्हणून सांगता आणि तो नाचतो, विनोद सांगतो, स्वतःशीच हसतो. लेव्हल वाढते तसतसे त्याचे चाळे वाढत जातात. सगळ्यात मोठा पेशा म्हणजे ज्ञानी, जादूगार आणि पुजारी या दोघांचीही जादू येणारा. ज्ञानी व्हायला ज्ञानप्राप्तीचा एक दुर्मिळ ग्रंथ लागतो. विदूषक मात्र विसाव्या लेव्हलला पोचला की ग्रंथाशिवाय थेट ज्ञानी होऊ शकतो. पंधरा-वीस तास ज्याला तुम्ही ओझं म्हणून वागवलं, तो एका क्षणात टोळीतला सगळ्यात मौल्यवान माणूस होतो. कुठल्याही पात्राने भाषण न देता हे घडतं. फक्त नियमातून.

चौथ्या भागाचं (१९९०) तिसरं प्रकरण डिझाइन शिकणाऱ्या प्रत्येकाने खेळावं. हिरो बाजूला राहतो आणि तुम्ही होता तोर्नेको, एक जाडजूड विवाहित माणूस, दुसऱ्याच्या शस्त्रांच्या दुकानात नोकरी करणारा. सकाळी उठायचं, बायको डबा करून देते, तो घेऊन कामावर जायचं. गिऱ्हाईक येतं, विकायचं की नाही ते सांगायचं. संध्याकाळी मालक हिशोब करून कमिशन देतो. घरी जायचं, झोपायचं, पुन्हा सकाळ, पुन्हा डबा. तो डबा खाता येतो आणि वाटलं तर विकताही येतो. मला तो कधीच विकवला नाही. पुढे तोर्नेको स्वतःचं दुकान घेतो, आणि एका म्हाताऱ्याला भुयार खणायला ६०,००० नाणी देतो. प्रकरण संपतं. पाचव्या प्रकरणात खरा हिरो, ज्याला तोर्नेकोचं नावही माहीत नाही, त्याच भुयारातून चालत मोठ्या शहरात येतो. एक-एक तलवार विकून जमवलेल्या पैशांचं ते भुयार आहे, हे फक्त तुम्हाला माहीत असतं.

पाचवा भाग (१९९२) खेळलेला नसेल आणि गोष्ट आधी कळायला नको असेल, तर पुढचे तीन परिच्छेद सोडा.

पाचव्यात तुम्ही सहा-सात वर्षांच्या मुलापासून सुरू करता, वडिलांचं बोट धरून. वडील पापास तलवारबाज आहेत. तुमच्या अंगाला जरा खरचटलं की लढाईनंतर तेच तुमच्यावर औषधाचा मंत्र टाकतात. खेळणाऱ्याने काही न सांगता. कित्येक तास ही सवय लागते. मग एका अवशेषांच्या गुहेत खलनायक तुम्हाला, लहान मुलाला, पकडतो आणि तुमच्या गळ्यावर शस्त्र ठेवतो. पापाससमोर दोन राक्षस सोडतो. लढाईचा पडदा उघडतो, नेहमीचाच पडदा, तीच चौकट, तेच आकडे. पापासची पाळी येते आणि तो काहीच करत नाही. सहन करतो. पुन्हा पाळी येते, पुन्हा तेच. ज्या यंत्रणेने आजवर तुम्हाला ताकद दिली, तिच्यातच बसून तुम्ही त्याची शक्ती उतरताना बघता आणि तुमच्या हातात एकही बटण नसतं. ही गोष्ट सिनेमासारखी दृश्यात दाखवता आली असती. होरींनी ती लढाईच्या चौकटीत ठेवली, कारण तुम्हाला त्या चौकटीचे नियम पाठ झालेले असतात.

पुढे दहा वर्षं गुलामी, सुटका, लग्न. लग्न लहानपणच्या मैत्रिणीशी करायचं की श्रीमंत घरच्या मुलीशी, यावर जपानमध्ये तीस वर्षं वाद चालू आहे. मग हिरोचा दगड होतो. खरोखरचा पुतळा. तो विकला जातो आणि एका घराच्या बागेत, बाळाचा राखणदार म्हणून उभा केला जातो. तुम्ही पडद्याकडे बघत राहता. ऋतू बदलतात, बर्फ पडतं, वितळतं. घरातलं बाळ रांगतं, चालायला लागतं. एक दिवस राक्षस येऊन त्या मुलाला घेऊन जातात आणि बाप रागाने पुतळ्याला ढकलून पाडतो. तुम्ही आडवे, पुन्हा ऋतू. आठ वर्षांनी दोन मुलं येऊन तुमचा शाप उतरवतात. ती तुमची जुळी मुलं. तुम्ही त्यांचं बालपण पाहिलेलंच नाही.

आणि मग कळतं की पापास आयुष्यभर ज्या वीराला शोधत होता, तो तुम्ही नाही. तो तुमचा मुलगा आहे. पौराणिक तलवार तुमच्या हातात हलत नाही, त्याच्या हातात सहज येते. आजोबांनी सुरू केलेलं काम नातू पुरं करतो आणि तुम्ही मधला दुवा. वाया न जाणाऱ्या कष्टांचा हाच नियम, पहिल्या भागात एका लढाईपुरता होता, तो इथे तीन पिढ्यांना लावला आहे. मी हा भाग वडील गेल्यानंतरच्या पावसाळ्यात पुन्हा खेळलो. त्याबद्दल अधिक लिहिणार नाही.

संगीताशिवाय यातलं काहीच उभं राहिलं नसतं. कोइची सुगियामा पहिला भाग करताना पंचावन्नच्या घरात होते, टीव्ही आणि जाहिरातींचं संगीत देणारे नामवंत संगीतकार. फॅमिकॉमकडे सुरांसाठी तीनच आवाज आणि एक नुसता खरखरीचा. तेवढ्यात त्यांनी दरबारासाठी जुन्या युरोपीय दरबारी वळणाची चाल बांधली. प्रसिद्ध आरंभधून पाच मिनिटांत सुचली, असं ते सांगत. पण त्यात आधीची चोपन्न वर्षं मिळवा, असंही पुढे म्हणत. पहिल्या भागात गुहेत शिरा आणि कान देऊन ऐका. एकेक मजला खाली उतरलात की तीच धून खालच्या पट्टीत आणि संथ होत जाते. मशालीचा उजेड एका पावलापुरता, सूर जड झालेला. यासाठी मेमरी जवळजवळ लागलीच नाही, वेग आणि पट्टी बदलली, एवढंच. २३ जुलै २०२१ ला टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात खेळाडूंचं संचलन सुरू झालं, तेव्हा वाजलेली पहिली धून हीच आरंभधून होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुगियामा गेले, नव्वदाव्या वर्षी. मालिकेचे चित्रकार अकिरा तोरियामा १ मार्च २०२४ ला गेले. स्लाइमचं होरींनी काढून दिलेलं कच्चं चित्र नुसता चिखलाचा गोळा होता. तोरियामांनी त्याला थेंबाचा आकार, टपोरे डोळे आणि हसू दिलं. पहिल्या लढाईत समोर येणारा शत्रू हसतोय, म्हणून नवखा माणूस घाबरून गेम बंद करत नाही. ते हसूही बॅलन्सिंगच आहे.

नवव्या भागाबद्दल (२००९) एकच सांगतो. तो हातात धरायच्या निंटेंडो डीएसवर होता, आणि दोन खेळाडू रस्त्यात एकमेकांजवळून गेले की त्यांच्या यंत्रांत खजिन्याचे नकाशे अदलाबदल व्हायचे. एका खेळाडूला असा नकाशा सापडला की ज्याच्या एका मजल्यावर फक्त भरघोस अनुभव देणारे धातूचे राजा-स्लाइम भेटायचे. तो नकाशा हातोहात, स्टेशनांतून, चौकांतून जपानभर पसरला. एकाचं नशीब सगळ्यांच्या उपयोगी आलं.

आता काय खेळायचं. पहिला भाग सध्या बाजूला ठेवा. अकरावा (२०१७) वाढवलेल्या आवृत्तीत कॉम्प्युटरवर मिळतो. आधुनिक आहे, मायाळू आहे, तिथून मालिकेची भाषा कानावर पडेल. मग मोबाइलवर पाचवा. मग तिसरा, नव्याने केलेला २०२४ चा चालेल. तिसऱ्याच्या शेवटी तुम्ही एका खोल दरीतून दुसऱ्या जगात उतरता, आणि नकाशा, गाव, किल्ला ओळखीचे वाटायला लागतात. तेव्हा पहिला भाग पुन्हा उघडा. तुम्ही कंटाळून सोडलेली ती जमीन तुम्हाला वेगळी दिसेल. दहावा ऑनलाइन आहे आणि मुख्यतः जपानपुरता, तो सोडा. सहावा, आठवा वेळ असेल तर. आठवा प्लेस्टेशन २ वरचा, मी स्वतः तिथूनच या मालिकेत आलो.

तुमच्या गेमचं म्हणाल तर. हिरो मेला की सगळं पुसू नका. एकच वस्तू निवडा जी जाईल, आणि ती पुन्हा मिळवता येण्यासारखी असू द्या. नाणी बरी. बाकी सगळं ठेवा. त्याला परत उठवणारं एक माणूस ठेवा, रिकामा पडदा नको, मग ते माणूस रागावलं तरी हरकत नाही. आणि मित्रांना पुन्हा बोलवा, पण त्यांना काही समजावून सांगू नका. मागे उभे राहा आणि एवढंच मोजा : पहिल्यांदा मेल्यानंतर ते त्याच वाटेने परत जातात का, आणि किती पावलं पुढे. गेल्या वेळेपेक्षा चार पावलं जरी पुढे गेले तरी आकडे बसायला लागलेत. नाही गेले तर पहिल्या दुकानातल्या किमती मला पाठवा. आपण एकत्र बसून बघू.